दचकणं आधी, झटका मग

बसू गेला त्याला आता महिना होत आला. शाहूपुरीत ज्या दुकानाच्या माडीवर तो राहायचा आणि इंग्रजीचे क्लास घ्यायचा, त्या दुकानदाराचा भर दुपारी फोन आला. "अक्का, सर उठंनात..." एवढंच. माझा धाकटा, एकुलता भाऊ. पण मी आधी विचारलं, "खोलीत आणखी कोण होतं?"

"कोण न्हाय की," तो म्हणाला.

बसूला लहानपणापासून फिट यायच्या. गल्लीतलं कुणीतरी धावत येऊन नाकाशी चप्पल धरायचं, आमची अव्वा पोटच्या पोरासाठी देवाला हाका मारायची. या आजारानंच त्याचं लग्न जमलं नाही. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल, एकदा मी त्याच्या क्लासात मागं बसले होते. त्यानं 'बाय फिट्स अँड स्टार्ट्स' शिकवायला घेतलं आणि पोरं तोंड दाबून हसली. तो मात्र शांत. "हसा की. अर्थ सोपा हाय. काम सलग होत न्हाय, मधनंच चालू, मधनंच बंद. फिट म्हंजे जुन्या इंग्रजीत झटापट, असं म्हणत्यात. पुढं आजाराचा झटका झाला. आणि स्टार्ट म्हंजे गाडी स्टार्ट न्हवं, दचकणं."

पोरं गेल्यावर मी विचारलं, "झटापट कुणाशी रे?"

तो फळा पुसत राहिला. "पुस्तकात क्रम उलटा हाय, अक्का. माझं दचकणं आधी. दारात कोणतरी उभं असतंय. मी 'या पावणं' म्हणतो... मग झटका."

"कोण असतंय?"

"तोंड दिसत न्हाय. पण दर खेपेला एक पाऊल आत आलेलं असतंय."

पुढं चांगले डॉक्टर भेटले, गोळ्या लागू पडल्या. कित्येक वर्षं फिट आली नाही. आम्ही सगळं विसरलोही. तो जायच्या आदल्या आठवड्यात मी भाकरी आणि खर्डा घेऊन गेले होते. जेवता जेवता तो दचकला. माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिला. मी ताट सरकवलं, त्याला धरायला उठले, पण फिट आलीच नाही.

"काय रे?"

"काय न्हाय. आता उभं न्हाय ते. बसलंय." आणि तो पुढचा घास मोडायला लागला. मी मागं वळून बघितलं नाही.

परवा खोली रिकामी करायला गेले. दाराला आतून कडी नव्हती, नुसती स्क्रूची भोकं. "सरांनीच काढाय लावली," दुकानदार म्हणाला. "कवा काय झालं तर कुणालातरी आत येता यावं म्हणून." बरोबरच होतं त्याचं. त्या भोकांवरून बोट फिरवत मी बराच वेळ उभी राहिले...

हल्ली दुपारी आडवी होताना मी कडी लावते. मग थोड्या वेळानं उठून काढते.