इटलीहून आलेल्या मावसाजींचं ताट

आमच्या मावसाजींइतकं जग खाल्लेला माणूस अख्ख्या नवेगाव बांधात नव्हता, आणि त्यांच्याइतकी वर्षं एकटा जेवलेलाही नव्हता. मोठ्या लढाईत ते फौजेबरोबर पार इटलीपर्यंत जाऊन आले. लोकांनी विचारावं तोफांबद्दल, बर्फाबद्दल, मडमांबद्दल; हे सांगणार जेवणाबद्दल. कुठल्या डोंगरावर किती माणसं पडली ते त्यांना आठवत नसे. त्या डोंगराखालच्या एका म्हातारीनं शेवयांत दूध-गूळ न घालता टमाटर घातले होते, हे मात्र काल घडल्यासारखं आठवे. "शेवयांत टमाटर, बाप्पा! अन् लागे कसं? झ्याक!" तिथल्या एका बागेत जांभळं समजून यांनी काळी फळं खिसे भरभरून तोडली आणि मूठभर एकदम तोंडात टाकली. तीन दिवस जीभ कडू. पुढे तीच फळं मिठाच्या पाण्यात मुरवून खातात हे कळलं, आणि मावसाजी त्यांच्यावर असे लुब्ध झाले की घरी आल्यावर त्यांनी मोहाची कच्ची फळं मडक्यात मुरत घातली. महिन्याभरानं मडकं उघडलं, तेव्हा शेजाऱ्यांनी आपापली दारं लावून घेतली.

हसू येतं ना? मलाही येई. पण ही सगळी उठाठेव ते अंगणात, तीन दगडांच्या वेगळ्या चुलीवर करत. कारण घरातल्या चुलीला हात लावायची त्यांना बंदी होती.

झालं होतं ते असं. फौजेतून परतल्यावर जातीच्या पहिल्याच पंगतीत यांनी डब्याची गोष्ट सांगितली. बर्फात हे आणि एक पंजाबी जोडीदार दोन दिवस अडकले होते, पोटात अन्नाचा कण नाही. जोडीदाराला गोऱ्यांच्या रिकाम्या खंदकात मटणाचा एक डबा सापडला. त्यानं तो संगिनीनं फोडला आणि मोठा वाटा यांना दिला. दुसऱ्या दिवशी तो गोळी लागून गेला. पंगत हळहळली. मग जातीतल्या म्हाताऱ्या पंचानं विचारलं, "मटन कायचं होतं?"

"मले मालूम नाई जी. वरतं इंग्रजीत लिवलं होतं."

हात जागच्या जागी थांबले. गोऱ्यांच्या डब्यात गाईचंही असू शकतं, हे न शिकलेल्यालाही कळत होतं. पंच भला माणूस. म्हणाला, "बकऱ्याचं होतं म्हन ना, गोष्ट मिटली!"

"मालूम नाई तं म्हनू कसा?"

"मंग चूक झाली म्हन. प्रायश्चित्त घे."

"त्यानं आपल्या तोंडचा घास देल्ला मले. त्याले चूक कायले म्हनू?"

अहो, एक शब्द! एवढ्या एका शब्दावर हा माणूस अडून बसला. तेव्हापासून त्यांचं ताट आणि अंथरूण उंबऱ्याबाहेर, ओसरीवर. मावशी वरूनच वाढायची, शिवायची नाही. एरवी आमच्याकडच्या बायकांसारखी तीही नवऱ्याच्या जेवल्या ताटातच जेवे; आता ते ताट तिला वर्ज्य झालं. मी गोंदियाला राईस मिलमध्ये कारकून होतो. सुटी काढून गेलो की मी डोकेफोड करत असे. "मावसाजी, बोलून टाका ना! कोन पाहून राहिलं?" ते उठून चूल फुंकायला लागत. अंगणात काहीबाही शिजवून दाराशी वाडगा धरत, "एक घास चाखून पाय ना वं." मावशी डोळे पुसत आत जाई आणि वाडगा बैलांपुढे रिकामा होई. अशी दहा वर्षं गेली. काय करावं अशा माणसाचं, सांगा!

मग भाताच्या एका रोवणीत मावशी तापानं पडली. सगळं गाव शेतात, चिखलात. मी पोचलो तेव्हा तिच्या पोटात तीन दिवस काही नव्हतं, आणि मला मेल्याला साधा भात शिजवता येत नव्हता. मावसाजींनी तांदळाची पेज केली, दहा वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला आणि तिच्या उशाशी बसले. ती ओठ मिटून वाडग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगा ना जी. बकऱ्याचंच होतं ना?"

त्यांनी वाडगा तिच्या ओठांशी नेला.

"हो वं. बकऱ्याचंच होतं. डब्यावर चित्र होतं."

ती सगळी पेज प्यायली.

मावशी वाचली. डब्यावरच्या चित्राचं तिच्याकडून कळताच पंचानं आनंदानं यांना पंगतीत घेतलं, ताट ओसरीवरून आत आलं. मला हवं होतं तेच झालं, तरी माझा जीव कशात लागेना. अंगणातली चूल त्यांनी स्वतःच मोडून टाकली होती. पुढच्या खेपेला जेवताना मी मुद्दाम म्हटलं, "मावसाजी, त्या पंजाबी जोडीदाराची गोष्ट सांगा ना."

"आता त्याचं नाव घ्यायले तोंड नाई रायलं मले," ते हळूच म्हणाले आणि मान खाली घालून भात कालवू लागले.

मावशी समोरच बसली होती, त्यांचं जेवण होण्याची वाट बघत. "काऊन जी, मीठ कमी झालं काय?" तिनं विचारलं.

"नाई वं. बराबर हाय," ते म्हणाले, आणि तिच्यासाठी ताटात चार घास ठेवून उठले.