अळ्यांच्या पाच ओळी

भडगावजवळच्या त्या गावात बीटी कपाशीच्या पाकिटातलं पत्रक वाचणारा माणूस एकच, अभिमन आबा. पाकिटासोबत साध्या कपाशीच्या बियाण्याची पुडी येते. बाकीचे ती बांधावर भिरकावतात. आबांनी ती शेताभोवती पाच ओळींत लावली. अळ्यांनी तिथे खावं, वाढावं, म्हणजे बीटीतलं अळीमार विष पचवणाऱ्या अळ्यांशी त्यांची सोयरीक होऊन पुढची पिढी त्या विषापुढे नरम निघते, असं पत्रकात होतं.

"आबा, तुमना वावरमा अळ्यासनी पंगत शे म्हने," शेजारचा प्रेमराज रोज म्हणायचा. "आम्हले आवतन नही?"

आबा हसत नसत. ऑक्टोबरात शिवारफेरी त्यांच्याच शेतात ठरली होती. कृषी सहाय्यक कामिनी मॅडम बोंडं फोडणार, कडेला अळी निघणार, आत स्वच्छ. तीन महिन्यांच्या थट्टेला परस्पर उत्तर मिळणार. त्या दिवशी आबांनी लग्नातली टोपी घातली.

पन्नासेक माणसं जमली. मॅडमनी कडेची दहा बोंडं फोडली. दहाही स्वच्छ. मग आतली दहा फोडली. सहांमध्ये गुलाबी अळी, सुखात बसलेली.

"पाव्हना वट्टावर बसाडा," प्रेमराज म्हणाला, "आन तो सईपाकघरमा घुसना."

"आत अळी निघाली याचं नवल नाही, ही बीटीला कधीच सरावलीय," मॅडम म्हणाल्या. "पण कडेला एकही नाही? आबा, इथे फवारलंत का?"

आबांनी गळ्याची शपथ घेतली. तेव्हा मागून त्यांच्या पत्नी वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या, "मी रोज सकायमा डोमकळ्या तोडस ना."

डोमकळी म्हणजे आत अळी शिरल्याने पाकळ्या चिकटून मिटलेलं फूल. दोन महिने बाई ती तोडून रॉकेलच्या पाण्यात बुडवत होत्या. आबांनी मांडलेली पंगत रोज सकाळी उठवली जात होती.

"अवं, त्या तश्याच ठेवान्या व्हत्यात," आबा पुटपुटले.

"रस्तावर वावर शे. लोके काय म्हनतीन?"

"मग आतल्या का नाही तोडल्या?" मॅडमनी विचारलं.

"मझार कोन देखस?"

आतही हेच करायला हवं होतं, पुढच्या हंगामात सगळ्या गावाने करा, आणि कसं ते वच्छलाबाई आत्ताच दाखवतील, असं मॅडमनी जाहीर केलं. गर्दी बाईंमागे कपाशीत शिरली. सर्वांत पुढे प्रेमराज.

आबा बांधावर उरले. त्यांनी खिशातलं पत्रक उलगडलं. डोमकळी सातव्या कलमात होती. पाच ओळी तिसऱ्यात. तिसरं कलम त्यांना इतकं पटलं होतं की पुढे वाचायचं राहूनच गेलं होतं.