वाहेद पिंजाऱ्याचा हिमालय

आमचं गाव घाटाखाली, मोताळ्याच्या अंगाला. गावातून मान वर केली की घाटाची भिंत दिसते, आणि आमच्या लेखी जगातला सगळ्यात उंच डोंगर तोच. बुलढाण्याला कचेरीत जाऊन आलेला माणूस दोन दिवस पोटऱ्या चोळत त्या चढणीचं कौतुक सांगायचा. अशा गावात वाहेद पिंजारी हिमालय घेऊन आला.

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. वाहेद बाप-आज्यापासून तातेच्या कमानीनं कापूस पिंजणारा. ऐन बाविशीत तो जळगाव-जामोदच्या वर, सातपुड्यात, डोंगर मोजणाऱ्या सरकारी माणसांच्या तंबूत गाद्या भरायला गेला. गाद्या भरून झाल्या आणि त्यांचा झेंडेवाला गडी तापानं पडला. शिखरावर झेंडा धरून उभं राहायचं आणि खालून साहेबानं दुर्बिणीतून मोजायचं, असं ते काम. "दोन दिवस धर," असं साहेब म्हणाला. त्या दोन दिवसांची सात वर्षं झाली. तंबू उत्तरेला, पार हिमालयापर्यंत, हलले तसा वाहेदही हलला, आणि आईला कोणाकडून तरी दोन ओळींचं कार्ड लिहवून पाठवलं: 'डोंगर मोजून येतो. कमान कोरड्या जागी ठेवजो.'

परत आला तो दाढी वाढवून, अंगावर जाड लोकरीचं कांबळं घेऊन, आणि तोंडात हिमालय भरून. मग बिस्मिल्लाशी लग्न झालं, पोरंबाळं झाली, पण हिमालय काही संपला नाही. ज्याच्या ओसरीवर वाहेदची कमान धुंग-धुंग वाजू लागे, तिथं अर्धं गाव गोळा व्हायचं. कापूस उडायचा, आणि त्यात गोष्टी.

"पह्यला बरफ पाह्यला ना," तो सांगायचा, "तं म्या वर पाहून शिवी हासडली. म्हटलं, कोन्या पिंजाऱ्यानं एवढा माल उघड्यावर पिंजला बे!"

तिकडचे भोट लोक उन्हाळ्यात बर्फाच्या पायथ्याशी राहतात, हिवाळा आला की दाराला कुलपं लावून सगळं गाव खाली उतरतं. देव, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळ्यांसकट. चैतात तिथं बुरांसाची झाडं फुलतात. आपला पळस काय फुलेल अशी, डोंगरच्या डोंगर लाल. आणि तिबेटातल्या व्यापाऱ्याशी देवघेवीचं नातं जोडायचं तर एक दगड फोडून अर्धा-अर्धा ठेवतात. पुढल्या साली कोणीही माणूस येवो, त्याचा तुकडा आपल्या तुकड्याला बसला की तो आपला. कागद नाही, शिक्का नाही. हे ऐकून आमचे म्हातारे तर डोळे पुसायचे.

गाव इथवर सगळं मानत आलं. अडलं ते मेंढरापाशी.

"तथी तिबेटातून मीठ येते," वाहेद एके दिवशी म्हणाला, "मेंढरायच्या पाठीवर. एकेका मेंढराले दोन थैल्या, इकून एक, तिकून एक. हजार-हजार मेंढरं रांगेनं घाट उतरतात. जातानी धान्य, येतानी मीठ."

ओसरी उकंडराव पाटलांची होती. पाटील म्हणजे गावचा मानाचा माणूस, मनानं चांगला, पण एकदा मान हलली की हलली. ती आडवी हलली.

"मेंढरू ओझं वाह्यते? वाहेद, आतापरोक्त सारं ऐकून घेतलं बे. बरफ ऐकला, गोटे ऐकले. उद्या म्हनशीन, कोंबडी वखर ओढते!"

"पाटील, म्या या डोयानं पाह्यलं."

"मंग आमच्या डोयाले दाखव. माह्या म्हशी घाटावरच्या वावरात हायेत. त्याह्यले सरकी पोचवाची हाय. गाडीवाट लांबून जाते, गडी डोक्यावर नेतात. तू मेंढरावर नेऊन दाखव. पोचली तं मी पारावर उभा राहून साऱ्या गावासमोर म्हनीन, वाहेद खरं बोलते."

"अन् नाही पोचली तं?"

"तं या गावात हिमालयाचं नाव काढाचं नाही. कधीच."

वाहेदच्या हातातली कमान थांबली. "कबूल," तो म्हणाला, पण आवाज जरा खालून आला.

घरी बिस्मिल्लानं त्याला फैलावर घेतलं. "तुमच्यानं जेवतानी तं गप राह्यवत नाही! अन् जनमभर मुके राह्यता? घरात गोधड्या भरू का मुका मानूस सांभाळू?" बोलत होती आणि बोलता-बोलता जुन्या गाद्यांच्या खोळी फाडून थैल्याही शिवत होती. चाळीस थैल्या तिनं तीन दिवसांत शिवल्या.

मेंढरं दिली कडूबा धनगरानं. वीस मेंढरं मोजून दिली आणि गंभीरपणे म्हणाला, "माह्या मेंढरायची इज्जत जाऊ देऊ नको, वाहेदभाई."

हिवाळ्यातली सकाळ. सगळं गाव घाटाच्या पायथ्याशी. मी तेव्हा चांगला विशीतला, मिशा फुटलेला. पाटलांनी मला साक्षीदार नेमलं. स्वतः ते पहाटेच वर गेले होते. मेंढरांच्या पाठीवर थैल्या चढल्या, पट्टे आवळले. वाहेदनं तिकडच्या लोकांसारखी शीळ घातली.

वीसच्या वीस मेंढरं खाली बसली.

जे हसं झालं म्हणता! अब्दुल गनी सुतार ओरडला, "वाहेद, दुकान मांडलं का? सरकी कशी देली?" वाहेद एकाला उठवायचा, तर दुसरं बसायचं. कडूबा ढकलायचा, तर ते बें करून तोंड फिरवायचं. घटकाभर हे चाललं. वाहेदचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, तथी लहानपनापासून शिकवतात. हे आता आठवलं."

तेवढ्यात पुढल्या मेंढराची थैली बोराटीच्या काट्याला लागून टरकली. सरकीची बारीक धार लागली. मागच्या मेंढराचं नाक हललं. ते उठलं, पुढं झालं आणि थैलीलाच तोंड लावलं. पुढचं दचकून उठलं आणि पळालं. मागचं त्याच्या मागं. त्याच्या थैलीला तिसऱ्यानं तोंड लावलं. जुन्या गादीची खोळ ती, किती टिकणार!

खरं सांगतो, तोपर्यंत कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेंढरू ओझं घेतं की नाही, यावर सगळं गाव चार दिवस भांडलं. ओझं कशाचं, हे कोणी पाहिलंच नाही. आमच्या वऱ्हाडात सरकी घरात धुळीइतकी. तिच्याकडे लक्ष जातं ते फक्त गुराढोरांचं.

कडूबानं कपाळावर हात मारला. "सरकी! अन् माह्या मेंढरापुढं!"

पण रांग चालू लागली होती. प्रत्येकाचं तोंड पुढल्याच्या थैलीत, आणि पुढलं त्याच्यापासून सुटायला पळतंय. सागातून, सालईतून, निसरड्या मुरमावरून वीस मेंढरं अशी घाट चढली की आम्ही मागं धापा टाकत. वाहेद रांगेच्या बाजूनं नाचत होता. "पाह्य! पाह्य! अशीच जातात, फक्त तथी खात नाहीत!"

वर वावरात पाटील आणि त्यांची बायको मनकर्णाबाई म्हशींपाशी उभे. मेंढरं आली, वीसच्या वीस, पाठीवर थैल्या. आम्ही टाळ्या पिटल्या. पाटलांनी एकेक थैली चाचपली. कोणतीच अर्ध्याहून जास्त भरलेली नव्हती.

"अर्धीच हाय," पाटील म्हणाले. "सरकी पोचवाची बोली होती."

वाहेदनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. बोली ती बोली.

तेव्हा मनकर्णाबाईंनी पदर खोचला. "एक इचारू का? शेगावच्या बाजारातून तुमी पोराह्यसाठी पेढे आनता. घरी किती पोचतात?"

पाटील पुन्हा थैली चाचपू लागले.

"अर्धे पोचतात. मंग तुमी काय म्हंता मले? पेढे आनले, असंच म्हंता ना? का अर्धे आनले म्हंता?"

म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली असं मला वाटलं. मग पाटलांच्या मिशा थरथरल्या, आणि ते इतके हसले की मेंढरं बुजली. मेंढरांना मात्र उरलेली सरकी तिथंच सोडून द्यावी लागली; कडूबानं त्यांना ओढून खाली नेलं.

संध्याकाळी पाटील पारावर चढले. फेटा सारखा केला. "गावकरीहो, वाहेद खरं बोलते," ते म्हणाले. आणि सवयच ती, पुढं जोडलंच, "पन त्याच्या हाती पेढे देऊ नका."

वाहेद पुढं सत्तरीपर्यंत जगला, कमान हातातून सुटेपर्यंत पिंजत आणि सांगत राहिला. पण गंमत पाटलांची झाली. परगावचा पाहुणा आला आणि मेंढरांच्या गोष्टीवर हसला, की वाहेदच्या आधी पाटीलच उसळायचे.

"काऊन हसता जी? हिमालयात मेंढरं ओझे वाह्यतात! म्या डोयानं पाह्यलं!"

"तुमी कधी गेलते पाटील हिमालयात?" पाहुणा विचारायचा.

पाटील घाटाकडे बोट दाखवायचे.