मोरपंखी पिंज

कुसुमकाकू ड्रायरचं दार उघडण्याआधी त्यावर दोनदा टकटक करायच्या. बोटाच्या पेरानं, अगदी हलकेच. आत कुणी कपडे बदलत असेल आणि आपण चुकून शिरू, अशा संकोचानं. मग कान दाराजवळ नेऊन क्षणभर थांबायच्या आणि मगच दार ओढायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं.

"काकू, आत कोण आहे?"

"असलं कुणी तर? माणसाची लाज राखावी ना गं."

हे सांगताना त्या हसल्या नव्हत्या. माझंही हसू मग जागच्या जागी राहिलं.

आमची ओळख भांडणातून झाली. म्हणजे मी भांडायला गेले होते, त्या भांडल्या नाहीत. अंबरपेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या कमिटीनं ठराव केला होता की बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, बिल्डिंगची शोभा जाते. नुसता ठराव करून थांबले नाहीत. प्रत्येक बाल्कनीच्या कठड्यावर वरपर्यंत नक्षीचे पत्रे ठोकून टाकले. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्यापैकी एकानंही आयुष्यात स्वतःचा टॉवेल पिळला नसणार, हे मी तेव्हा पत्रकात लिहिलं होतं आणि आजही लिहीन. हैदराबादसारख्या गावात, जिथं ऊन रस्त्यावर सांडलेलं असतं, तिथं माणसं बेडरूममध्ये दोऱ्या बांधून कुबट वासाचे कपडे घालू लागली. कशासाठी? तर रस्त्यावरून जाणाऱ्याला आमच्या चड्ड्या दिसू नयेत म्हणून.

पत्रकाचं नाव होतं 'ऊन कुणाच्या बापाचं?' मी ते घरोघर वाटत होते. आख्ख्या मजल्यावर ड्रायर फक्त काकूंकडे. त्यामुळे त्या शत्रुपक्षातल्या, हे मी बेल वाजवण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

त्यांनी पत्रक उभ्या उभ्याच वाचलं. जामबागेकडच्या एका मराठी शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं होतं, त्यामुळे वाचताना ओठ हलत नव्हते, भुवया हलत होत्या.

"बरं आहे. पण यात राग फार आहे, ऊन कुठंच नाही. वाचणाऱ्याला पाठीवर ऊन लागलं पाहिजे, लीडरम्मा. तुझा नुसता चटका लागतोय."

"मग तुम्ही सही करणार की नाही?"

"करते की. आणि तुझे ओले कपडे घेऊन ये. क्रांती होईपर्यंत दमट कुर्ते घालणार काय? खरूज होईल."

तेव्हापासून त्या मला लीडरम्माच म्हणायच्या, आणि सुटीच्या दिवशी दुपारी मी बादली घेऊन त्यांच्या दारात उभी राहू लागले.

काकूंचं कुटुंब निजामाच्या काळापासून इथलं. लग्नानंतर बरीच वर्षं त्या गौलीगुड्यात राहिल्या, मग या फ्लॅटमध्ये आल्या. त्यामुळे त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' असे काही शिरलेले होते की ते वेगळे काढता आले नसते. ड्रायरच्या बाबतीत त्या वर्गशिक्षिका होत्या. "पोट अर्धंच भरावं, माणसाचंही आणि मशीनचंही." ओल्या कपड्यांत हवा खेळली नाही तर ते शिजतात, वाळत नाहीत, असं त्या सांगायच्या. ड्रायर चालू ठेवून त्या भाजीलासुद्धा खाली उतरायच्या नाहीत. "चुलीवर दूध ठेवून कुणी बाजारात जातं काय?" आणि सगळ्यात कडक नियम तेलाचा. डोक्याला तेल लावून पुसलेला टॉवेल कितीही धुतला तरी ड्रायरमध्ये जायचा नाही. "तेलकट आत नक्को. धुऊन तेल जात नसतं, ते लपून बसतं. गरम झालं की बाहेर येतं."

प्रत्येक वेळी कपडे काढून झाले की त्या दारातली जाळी उपसायच्या. कपड्यांचं झडलेलं तूस त्या जाळीवर मऊ थरासारखं जमतं. काकू त्याला पिंज म्हणायच्या. बोटानं तो थर एका कडेनं सोडवून, गुंडाळून त्या तळहातावर धरायच्या आणि खिडकीच्या उजेडात निरखायच्या.

"हे बघ, हे आपणच आहोत. रोज थोडं थोडं झडतो. कळत नाही, एवढंच."

तो थर बहुतेक वेळा मळकट पांढरा असायचा. काकूंच्या घरात दुसरा रंगच नव्हता म्हणा ना. चादरी पांढऱ्या, पडदे पांढरे. अंगावर तेवढं एक अबोली रंगाचं लुगडं, तेही त्या हातानं धुवायच्या आणि शेवटी थोडा वेळ ड्रायरला द्यायच्या.

काकांना मी पाहिलेलं नाही. मी राहायला आले त्याच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता, अंगात हातविणीचा मोरपंखी स्वेटर. बाह्या कोपराच्या जरा खालीच संपलेल्या.

"मी विणलेला," काकू म्हणाल्या. "लोकर ड्रायरमध्ये घालू नये, आटते, शंभरदा सांगितलं. पण ह्यांना थंडीत गरम गरम घालायची हौस. मी आंघोळीला गेले की हे गुपचूप स्वेटर आत टाकायचे. वरून त्याला अत्तर, चारमिनारकडून आणलेलं खस. मी ओरडायची, हौले झालात काय, वेड लागलंय काय? तर म्हणायचे, कुसुम, याला आता तुझ्या मिठीसारखी ऊब आलीय." काकूंनी फोटोची काच पदरानं पुसली. "तो अंगावरच गेला त्यांच्या. दुसरं काही घालून पाठवायला मन होईना."

मी हे सगळं एवढं लांबण लावून सांगतेय, कारण पुढचं नीट कळायला हवं.

पावसाळा संपता संपता काकूंच्या घरात दुपारी खसाचा वास येऊ लागला. ड्रायर सुरू झाला की थोड्या वेळानं यायचा आणि बंद झाला की विरायचा. मला वाटलं, अगरबत्ती असेल. मग ऑफिसात शेजारच्या मुलीनं माझ्या कुर्त्याजवळ नाक आणून विचारलं, "अत्तर लावायला लागलीस? बायकांचं नाही वाटत हे." मी घरी येऊन सगळे कपडे हुंगले. वास येत होता. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून नुकतंच दूर झालं असावं, असा.

त्या रविवारी मी माझ्या दोन पांढऱ्या चादरी स्वतः आत घातल्या. दुसरं काही नाही, एक रुमालसुद्धा नाही. मी स्टुलावर बसून राहिले, काकू शेंगा सोलत होत्या. मशीन थांबलं. काकूंनी टकटक केली, कान लावला, दार उघडलं, चादरी काढल्या आणि जाळी उपसली.

जाळीवर मोरपंखी पिंज होती.

पुसट नाही, चांगली गडद. मधोमध हाताच्या पंज्याएवढा पट्टा. काकूंनी ती सोडवली, गुंडाळली आणि माझ्याकडे न पाहता देवघराशेजारच्या डब्यात ठेवली. डब्यात आधीचे पुंजके होते. सगळे त्याच रंगाचे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पत्रे ठोकले तेव्हापासून. तू नसताना यायची, मी उचलून ठेवायची."

"काकू, हे कसं काय..."

"दहाव्याला कावळा शिवला नाही गं," त्या शेंगांकडे वळत म्हणाल्या. "आम्ही घाटावर ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबलो. मुलगी म्हणाली आईला सांभाळीन, मी म्हणाले तुमची पुस्तकं रद्दीत देणार नाही. झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. दर्भाला काय कळतं? मला तेव्हाच वाटलं, हे कुठंतरी अडकलेत. आता कळलं कुठं."

मला भुतंखेतं पटत नाहीत. मला कमिटीही पटत नाही, पण कमिटी असते. त्या रात्री मी अंथरुणात पडून कमिटीचाच विचार केला, कारण त्यानं राग येतो आणि रागात भीती वाटत नाही. आणि मग उलगडलं. ड्रायरची गरम हवा मागच्या चंदेरी पाईपमधून बाल्कनीच्या कठड्याकडे बाहेर पडायची. तिथंच आता पत्रा होता. हवेला वाट नव्हती. पाईपमध्ये कितीतरी हिवाळ्यांची लोकर साठलेली, खसाचं तेल प्यायलेली, आणि कोंडलेली हवा तिला मागं ढकलत होती. म्हणजे पाईपमध्ये काका नव्हते. वात होती. एका ठिणगीची वाट बघणारी.

सकाळी मी सगळं काकूंना सांगितलं. मुद्देसूद, पत्रकासारखं. त्यांनी चहा गाळेपर्यंत ऐकून घेतलं.

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"मी काय हौली आहे? कपडे वाळायला आता दुप्पट वेळ लागतो. मशीनच्या डोक्यावर हात ठेववत नाही. तेलाचं मीच तुला शिकवलं ना?"

"मग पत्रा काढायला का नाही सांगत? पाईप साफ करायला माणूस बोलवा! आग लागेल, काकू! तुम्ही एकट्या असता!"

"पाईप साफ केला की संपलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग हे कशातून येतील?"

मी दरवाजा आपटून निघून आले. मग सेक्रेटरीगारूंच्या घरी जाऊन पत्र्यांवरून इतकं भांडले की त्यांच्या बायकोनं मला पाणी आणून दिलं. पत्रा हलला नाही.

त्यानंतर दुपारी ड्रायरची घरघर भिंतीतून ऐकू आली की मी त्यांच्या घरी जाऊन बसायची. बोलायची नाही, नुसती राखण. आणि एका दुपारी खसाचा वास आला, त्याच्या मागोमाग दुसरा. इस्त्री विसरल्यावर येतो तो. मशीनच्या मागून बारीक, निळसर धूर वर चढत होता. मी धावत जाऊन बटण बंद केलं, प्लग उपटला.

"काकू, मागं व्हा!"

त्या मागं झाल्या नाहीत. पुढं आल्या आणि त्या धुरात, त्या तापलेल्या दारावर त्यांनी टकटक केली. दोनदा. कान लावला. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. धुराला नाही. त्यांच्या चेहऱ्याला. खरंच काहीतरी ऐकत असल्यासारखा होता तो.

दार बऱ्याच वेळानं, सगळं निवल्यावर उघडलं. आत त्यांचं अबोली लुगडं होतं. पदरावर तपकिरी डाग उमटला होता, पंज्याएवढा.

काकूंनी डागावर हात ठेवून पाहिला. "बघ," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांनाही गुदमरतंय आत. मीच कोंडून ठेवलंय." मग पदर झटकून उठल्या. "बोलव तुझा तो माणूस. पण आधी पत्रा काढू. कमिटीला विचारायचं काय?"

"अजिबात नाही," मी म्हणाले.

बिल्डिंगमधला पहिला पत्रा असा उतरला. माझ्या पत्रकानं नव्हे, काकूंच्या पान्यानं. दुरुस्तीवाल्यानं पाईप सोडवला, आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हवा कू रस्ता नै अम्मा, वापस आरी. आते आते पुराना सब लेके आरी." त्याला अर्थातच माहीत नव्हतं तो काय बोलून गेला.

पाईपमधून निघालेली मोरपंखी पिंज सूपभर झाली. काकूंनी त्यात डब्यातली मिसळली आणि सगळी मोकळ्या कठड्यावर पसरली. वर हात जोडले. "पुस्तकं आहेत हं अजून," एवढंच म्हणाल्या.

मी सांगते ते मी पाहिलेलं आहे. दुरुस्तीवाला हत्यारं आवरत होता, तोही पाहत होता. समोरच्या कडुनिंबावरून एक कावळा आला. कठड्यावर बसला, मान तिरकी करून काकूंकडे पाहिलं, चोचभर पिंज उचलली आणि गेला. मग दुसरा. कावळ्यांना घरट्यात घालायला मऊ काहीतरी लागतं, हे मला कळतं. काकूंनाही कळत असणार, त्यांनी मुलांना शिकवलंच असेल. पण संध्याकाळपर्यंत कठड्यावर एक तंतू उरला नव्हता, आणि काकू तोवर उभ्याच होत्या.

त्यानंतर त्यांनी दारावर टकटक करणं सोडलं. सरळ दार उघडायच्या. मी न राहवून विचारलं तर म्हणाल्या, "आता आत कोण आहे?"

काकू या उन्हाळ्यात गेल्या, झोपेत, त्यांच्या मुलीकडे नांदेडला. दहाव्याला मी पोचू शकले नाही. मुलीचा फोन आला. "आईनं ड्रायर तुला द्यायला सांगितलाय. आणि एक विचारू? तिची काही इच्छा राहिली होती का गं? कावळा शिवलाच नाही."

मी फक्त ड्रायर कधी न्यायचा ते विचारलं.

ड्रायर आता माझ्या घरात आहे, त्याच चंदेरी पाईपसकट. पोट अर्धंच भरते. तेलकट काही घालत नाही. जाळी दर वेळी पुसते. दर काही महिन्यांनी पाईप साफ करा, हे मी आता पत्रकातही लिहिते, चौकटीत, ठळक अक्षरांत. माझे कपडे पांढरे नाहीतर काळे, बिल्डिंगला माहीत आहे. आणि गेल्या आठवड्यात मी जाळी उपसली तर तिच्या कडेला एक धागा होता. अबोली.

तेव्हापासून मी दार उघडण्याआधी टकटक करते. पाईपवाल्याला फोन लावायचा आणि रिंग वाजायच्या आत कापायचा, हेही केलं. आज पुरता लावला. तो उद्या दुपारी येतोय.

माझ्या बाल्कनीतला, कमिटीशी भांडण्यापायी इतके दिवस तसाच राहिलेला पत्रा मी आत्ताच उतरवून ठेवलाय. कठडा पुसलाय. समोर कडुनिंबावर कावळे बसलेत.