देवीच्या ज्वारीची टोपली

आई गेल्यापासून मी गावदेवी पोचम्मापुढे हात जोडले नव्हते. जिच्यासाठी आईने जन्मभर उपास धरले, तिनेच आईला दोन महिने दवाखान्यात झुरवून नेलं, हा राग मनातून जात नव्हता. विमान चालवायला शिकायला निघाले तेव्हा बाबांनी आमच्या बोथ गावच्या बसस्टँडवर बळेच देवीच्या अंगाऱ्याची पुडी हातात कोंबली. ती मी बॅगेत टाकली आणि विसरले. आईने मला एकदा तरी विमानात बघावं, एवढीच माझी हौस होती. तीच राहून गेली.

गावात थ्रेशर आला तरी देवीच्या नैवेद्यापुरती ज्वारी आई हातानेच वाऱ्यावर उपणायची. लहानपणी मी हट्टाने तिवईवर टोपली घेऊन उभी राहायची, आई खाली. उपणताना बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. वारा फिरला की मी घाबरून टोपली छातीशी ओढायची आणि निम्मे दाणे भुशात जायचे. मग आई माझ्या मुठींखाली आपले खरखरीत हात घालायची. माझी बोटं आपसूक सैल पडायची.

विमान शिकत होते त्या आदिलाबादकडच्या लहानशा धावपट्टीवर एके दिवशी वारा पिसाटला होता. दोन जणांचं विमान, शेजारी शिकवणारे सर, दोघांपुढे एकमेकांना जोडलेले विमानाचे दांडे. उतरताना जमीन अगदी जवळ आली आणि आडवा झोत बसला. मी तीच जुनी चूक केली, दांडा छातीशी ओढला. विमान नाक वर करून पुन्हा उचललं गेलं, वेग संपत आला. सर ओरडले, "छोड़ो! मुझे दो!" सगळं कळत होतं, पण बोटं सुटेनात. तेवढ्यात मुठींखाली कुणाचे तरी हात आले. खरखरीत, ओळखीचे. मी सोडलं.

सरांनी विमान कसंबसं सावरलं. ते आपटलं, एक चाक मोडलं, पंख घासत आम्ही गवतात गेलो. पण दोघंही आपल्या पायांनी बाहेर आलो. माझे हात तुम्ही सोडवलेत का, असं मी विचारलं. त्यांचे दोन्ही हात तर तेव्हा त्यांच्याच दांड्यावर अडकलेले होते. "छोड़ा तो तुमने ही," ते म्हणाले. मी वाद घातला नाही.

घरी आल्यावर बाबांना त्या हातांबद्दल सांगितलं. यंदा नैवेद्याची ज्वारी मी उपणली. मध्येच वारा फिरला आणि मी थांबले. बाबांनी रीत मोडली.

"काऊन थांबली वं, बाई?"

"वाट पाहून राह्यली, बाबा."

त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. आईचे हात आले नाहीत. एकदा तरी यावेत, असं अजून रोज वाटतं. पण टोपली मी छातीशी ओढली नाही.

संध्याकाळी पहिली ओंजळ पोचम्मापुढे ठेवली. मागणं काही सुचेना. माय, तूच आईला नेलंस आणि तूच तिला माझ्यापर्यंत पाठवलंस, एवढंच म्हणाले. मग इतके दिवस घट्ट धरलेला राग त्या दाण्यांशेजारी ठेवला आणि मोकळ्या हातांनी घरी आले.