आत्यानं पाठवलेला कंद

माझा स्वभावच संशयी. भाजीवालीनं मापात मारलं की काय, म्हणून घरी येऊन पुन्हा तोलणारी मी. नांदेडच्या प्रयोगशाळेत मात्र एका कंदावर डोळे झाकून विश्वास ठेवला.

कंद कडवंचीचा. पावसाळ्यात येणारी ही छोटी कडू फळं आमच्याकडे भाजी म्हणून खातात आणि साखरेच्या आजारावर औषध म्हणूनही. तिच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम वाचायचा, यावर माझी पीएचडी अडली होती. तणनाशकं मारून मारून शेताच्या बांधा-धुऱ्यांवरची कडवंची संपत आलेली. लातूरकडे, आत्याच्या भूकंपात पडलेल्या जुन्या गावाच्या जागेवर तेवढी उरली होती. आत्यानं कंद पाठवला. खरं तर पानं-फुलं येऊ देऊन आधी ओळख पटवायची असते. पण आत्याच्या हातचा म्हणून मी तो थेट अंधारात ठेवला, कारण पिवळ्या कोंबांतून हा डीएनए स्वच्छ मिळतो. डीएनएच्या नळ्या वाचनासाठी हैदराबादला गेल्या. पुन्हा पाठवायची सोय प्रकल्पात नव्हती.

निकाल आला, करटोलीचा! कडवंचीच्याच कुळातली, तिच्यासारखाच कंद असलेली दुसरी रानभाजी.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी करटोलीवरच काम करायचा. त्यात त्याला लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवायचं बोलावणं आलेलं. यानंच नळ्या बदलल्या, मी ठरवूनच टाकलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "निघालास तो निघालास, जाता जाता माझं वाटोळं केलंस."

"मॅडम, माझ्या नळ्या फ्रीजरमधी जशाच्या तशा हायत. उघडून बघा," तो म्हणाला.

मी बघितलं नाही. आठवड्यात तो गेला.

महिन्याभरानं उरलेला कंद उजेडात ठेवला, तर पानं करटोलीची फुटली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. लाज वाटली. त्याला फोन केला, त्यानं उचलला नाही. मग चरफडत आत्याचं नवं गाव गाठलं.

ती ओसरीवर शेंगा फोडत होती.

"आत्या, कंद बदललास ना?"

"हाव. दारातल्या करटोलीचा दिला. जुन्या गावातली फळं तोडायची, माती उकरायची न्हाई. भूकंपात गाडलेली पोरगी माझी सापडलीच न्हाई, तिथंच हाय ती."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस व्हय?"

मी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. तिच्यात कंद खणायला म्हणून येताना विकत घेतलेलं नवं खुरपं होतं.