लॉगआउट करणारी बाई

लोकांना घालवायची नोकरी असली, की किस्से आपोआप साठतात. माझी तीच होती! ऐंशीच्या दशकात लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. कॉम्प्युटर एक, टर्मिनल नऊ. जितके कमी जण आत, तितका तो वेगाने चालायचा. गर्दी झाली की मी माझ्या कन्सोलवर एखाद्याचं नाव टाइप करायचं आणि तो बाहेर!

*

पहिल्याच दिवशी मी टंडन नावाच्या सायंटिस्टना काढलं. दोन मिनिटांत ते धापा टाकत दारात.

मला वाटलं, आता भांडण. तर म्हणाले, "मॅडम, हमसे कोई गुस्ताख़ी हुई?"

आमचे साहेब रिझवी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऐसे किसी को उठाते हैं? पहले ख़बर तो कीजिए!"

*

मग काढायच्या आधी स्क्रीनवर निरोप पाठवायचं ठरलं. मजकूर रिझवीसाहेबांचा, रोमन लिपीत: "ज़हमत माफ़, पाँच मिनट में उठना होगा."

टर्मिनलवरच्या गृहस्थांचं लगेच उत्तर आलं, "आपका हुक्म सर आँखों पर. बस दस मिनट और."

साहेबांनी त्याला उत्तर दिलं. त्यांनी साहेबांना दिलं. या अदबीत पाऊण तास गेला आणि त्या गृहस्थांचं काम आरामात पूर्ण झालं!

*

वर्मा म्हणून एक होते. खुर्चीवर स्वेटर टाकून गायब व्हायचे, म्हणजे माणूस इथेच कुठेतरी आहे असं वाटावं. एकदा दोन तास वाट बघून मी त्यांना काढलं.

संध्याकाळी तणतणत आले. "मैं तो यहीं बैठा था!"

बगलेत अमीनाबादच्या बाजारातून आणलेलं पडद्याचं कापड होतं.

*

घरीही हीच भाषा शिरली. एका रविवारी ह्यांचे एक मित्र सकाळी चहाला आले, ते जेवणाची वेळ झाली तरी हलेनात. आमची सात वर्षांची कन्या मराठी समजायची, पण बोलायची हिंदीच. भर बैठकीत म्हणाली, "आई, अंकल को लॉगआउट कर दो ना!"

*

आणि देशपांडे सर. मूळचे नागपूरचे, तीस वर्षं लखनौत. अत्यंत भिडस्त माणूस. त्यांचं एक मोठं गणित टर्मिनलवर सकाळपासून चालू होतं; टर्मिनल सोडलं की ते तिथेच बंद पडणार. पेपर दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता आणि पाच वाजता कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद होणार होता. गर्दी तर अशी, की गणित रात्रीपर्यंत संपलं नसतं.

सर स्वतः कुणाला काही सांगणार नाहीत, म्हणून रिझवीसाहेबांनी आणि मी परस्परच ठरवलं. तीन वाजता मी सगळ्या टर्मिनलवर निरोप सोडला: "एका साहेबांचं फार महत्त्वाचं काम अडलं आहे. मेहरबानी करून आपलं टर्मिनल सोडावं."

माझ्यासमोर आत असलेल्यांची यादी होती. नऊ नावं. एक गेलं. दोन गेली. टंडन गेले. चक्क वर्माही गेले! मला इतका आनंद झाला की मी रिझवीसाहेबांना हाक मारून यादी दाखवली. शेवटी एकच नाव उरलं, देशपांडे.

"वाह!" साहेब म्हणाले.

आणि तेही नाव गेलं.

आम्ही दोघं रिकाम्या स्क्रीनकडे बघत राहिलो. मशीनच बंद पडलं की काय? तेवढ्यात दार उघडलं. सर आत आले. कपाळावर घाम, पण चेहरा प्रसन्न.

"काय हो बाई," ते म्हणाले, "झालं का त्या बिचाऱ्याचं काम?"